एकशेपन्नासाचे पंधरा

आपल्या देशातील मोजमापांच्या स्थित्यंतराविषयी लिहिताना बहुतेक जण बाजारात थांबतात. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५६च्या वजनमापे कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेराच्या जागी किलो आला, वगैरे. बांधकामाच्या हिशेबात मात्र हे स्थित्यंतर एकदा नव्हे, दोनदा घडले. जुन्या इमारतींचे नकाशे आणि आकडेमोडीच्या वह्या वाचणे हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग आहे. त्या वाचनातून या दुहेरी बदलाचा जो माग लागला, तो येथे मांडतो.

काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक म्हणजे आयएस ४५६. ते प्रथम १९५३ साली निघाले आणि १९५७, १९६४, १९७८ व २००० साली सुधारले गेले. आरंभीच्या काळात आपले इंजिनिअर ब्रिटिश वळणाने पौंड आणि इंचात विचार करीत. १९६४च्या आवृत्तीत ताण किलो दर चौरस सेंटीमीटरमध्ये आले. १९७६च्या नव्या कायद्याने आंतरराष्ट्रीय एकके स्वीकारली आणि १९७८च्या आवृत्तीत न्यूटन दर चौरस मिलिमीटर आले. ज्याने १९५५ साली नोकरी धरली, त्याला निवृत्तीपूर्वी त्याच सळईची ताकद तीन भाषांत शिकावी लागली.

माइल्ड स्टीलची सळई घेऊ. तिच्यावर किती ताण येऊ द्यायचा, याचा ब्रिटिश कोडातील आकडा होता चौरस इंचाला २०,००० पौंड. त्याचे किलो दर चौरस सेंटीमीटर १४०६ होतात. आपण १४०० धरले. १४००चे न्यूटन १३७.३ होतात, आपण १४० धरले. किलोभाराचे न्यूटन करताना ९.८१ने गुणायचे, पण दहाने गुणणे हाताला सोपे. त्यामुळे कारखान्यात काहीही न बदलता सळईवर सुमारे दोन टक्के जादा ताण मान्य झाला.

काँक्रीटच्या बाबतीत उलटे झाले. ‘एम १५०’ म्हणजे १५ सेंटीमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी चौरस सेंटीमीटरला १५० किलो भार सोसेल असे काँक्रीट. १९७८ साली त्याचे ‘एम १५’ झाले. पण १५० किलोचे न्यूटनमध्ये १४.७ होतात. म्हणजे नाव बदलताना अपेक्षा किंचित वाढली. हे दोन टक्के सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या भरपूर फरकात सहज जिरतात; त्यांनी इमारत पडत नाही. उलट गोल न केलेले आकडे जुन्या काळाची खूण सांगतात. पिळाच्या सळईचे ‘४१५’ आजही पुष्कळांना विचित्र वाटते. पूर्वी तिची ताकद ४२५० किलो दर चौरस सेंटीमीटर धरीत. त्याचे न्यूटन सुमारे ४१७ होतात, ते ४१५वर बसवले.

खरी अडचण सूत्रांमध्ये आहे. पोलाद काँक्रीटपेक्षा किती पट ताठ, हे सांगणारा मॉड्युलर रेशो जुन्या पद्धतीत २८००ला काँक्रीटच्या अनुज्ञेय ताणाच्या तिप्पटीने भागून काढीत. एम १५०चा ताण ५० किलो, म्हणून उत्तर १८.७. नव्या कोडात २८००चे २८० झाले आणि ताण ५ न्यूटन, उत्तर तेच. गुणोत्तराला स्वतःचे एकक नाही, पण सूत्रातल्या २८०च्या पोटात न्यूटन दडलेला आहे. त्यात जुने ५० घातले तर उत्तर १.८७ येते. अनुभवी माणूस ते पाहताच थबकेल.

वर्गमुळाच्या सूत्रात थबकणे इतके सोपे नाही. १९७८च्या कोडात काँक्रीटचा ताठपणा म्हणजे ५७०० गुणिले ताकदीचे वर्गमूळ. पंधरासाठी सुमारे २२,००० न्यूटन दर चौरस मिलिमीटर येतात. हेच सूत्र जुन्या एककांत लिहायचे तर ५७००च्या जागी सुमारे १८,२०० हवेत. एक आकडा मुळाच्या आत आणि एक बाहेर असल्यामुळे दहाने गुणून-भागून भागत नाही. नव्या सूत्रात जुने १५० टाकले तर सुमारे ७०,००० येतात. हा ताठपणा काँक्रीटचा नव्हे, ॲल्युमिनियमचा. आणि तेच उत्तर किलो दर चौरस सेंटीमीटरमध्ये आहे असे समजले, तर ताठपणा खऱ्याच्या एकतृतीयांश दिसतो आणि स्लॅबचा वाक हिशेबात तिप्पट होतो. पहिल्या चुकीने कमकुवत स्लॅब पास होईल, दुसरीने धडधाकट स्लॅब धोकादायक ठरेल.

हा प्रश्न आता वह्यांपुरता उरलेला नाही. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील इमारती तपासणारे तरुण इंजिनिअर न्यूटनमध्ये शिकलेले असतात आणि संगणकही न्यूटनच मागतो. समोरच्या पिवळ्या नकाशावर मात्र ‘१४००’ किंवा ‘एम १५०’ एवढेच असते, एकक क्वचितच. त्या काळी ते लिहिण्याची गरज नव्हती. सगळ्यांना ठाऊक होते. तपासणीच्या अहवालावर कुणाचे घर राहायचे की रिकामे व्हायचे हे ठरते.

म्हणून नकाशा वाचताना मी आधी तारीख पाहतो, मग आकडा. १९७८च्या अलीकडचा की पलीकडचा, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. तारीख फाटून गेली असेल तर सळयांचे आणि काँक्रीटचे आकडे शेजारी ठेवतो. १४००च्या शेजारी १५० असेल तर दोन्ही एकाच काळातले. आणि सोसायट्यांच्या कपाटांत असे नकाशे अजून पडून असतील, तर ते रद्दीत घालण्याआधी त्यावर पेन्सिलीने वर्ष आणि एकक तेवढे लिहून ठेवावे.