लुप्त पॅरिस (छायाचित्रणात व विज्ञानकथेत)

लुप्त पॅरिस : एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत फ्रान्सच्या राजधानीचा जो भाग पाडला गेला, जळाला किंवा बुजवला गेला आणि आज मुख्यतः छायाचित्रांतच पाहायला मिळतो, तो. याच शहराचा भविष्यातला ऱ्हास किंवा विनाश कल्पून रचलेल्या फ्रेंच विज्ञानकथांचाही विचार या नोंदीत केला आहे. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदींत टाकता आल्या असत्या. पण त्या वाढल्या एकाच काळात आणि एकाच पाडापाडीच्या धुरळ्यात. पॅरिसचे कल्पित भग्नावशेष रंगवणाऱ्यांपुढे खरे भग्नावशेष होते, किंवा निदान त्यांची छायाचित्रे होती.

लुई दागेर याने १८३८ मध्ये आपल्या डायोरामा या भव्य चित्रदेखाव्यांच्या इमारतीतल्या खिडकीतून बुल्व्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे छायाचित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतले. पत्र्यावर प्रकाश काही मिनिटे पडू द्यावा लागल्यामुळे चालत्या गाड्या आणि पादचारी त्यात उमटलेच नाहीत; बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला गृहस्थ तेवढा उमटला. माणूस दिसणारे हे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानले जाते. डायोरामाची इमारत मार्च १८३९ मध्ये आगीत गेली. रस्त्यावरच्या प्रसिद्ध नाट्यगृहांची रांग १८६२ मध्ये पाडली. तो पत्राही पुढे साफसफाईच्या नादात खराब झाला, त्यामुळे पुस्तकांत आज जे चित्र दिसते ते जुन्या प्रतिकृतीवरून घेतलेले असते.

मोठी पाडापाड जॉर्ज ओस्मान याच्या कारकिर्दीतली. तिसऱ्या नेपोलियनने नेमलेला हा प्रशासक १८५३ ते १८७० या काळात शहराचा सर्वेसर्वा होता. त्याने सुमारे २०,००० इमारती पाडल्या आणि सरळ, रुंद, झाडांच्या दुतर्फा रांगा असलेले रस्ते आखले. सिते बेटावरची गल्लीबोळांची दाट वस्ती त्याने जवळजवळ पुसून टाकली. १८३२ आणि १८४९ च्या पटकीच्या साथी, तुंबलेली गटारे, वाढती रहदारी, जमिनीच्या भावात होणारा नफा आणि गल्लीत दगडांचे अडथळे उभारून लढणाऱ्या बंडखोरांची धास्ती, अशी कारणे यामागे होती. त्यांतले कोणते किती वजनाचे, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही.

शार्ल मारव्हील (१८१३–७९) या छायाचित्रकाराचे काम इथून सुरू होते. तो मूळचा पुस्तकांसाठी चित्रे काढणारा; जन्मनाव बोस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये कुबडा, म्हणून त्याने ते तरुणपणीच टाकले. १८६२ पासून तो पॅरिस शहराचा अधिकृत छायाचित्रकार होता. पाडल्या जाणाऱ्या रस्त्यांची आधी छायाचित्रे घ्यावीत, हे काम त्याला नगरप्रशासनानेच दिले. त्यातून जुन्या पॅरिसच्या ४२५ चित्रांचा संच तयार झाला. मारव्हीलला नष्ट होणाऱ्या शहराचा शोकगायक ठरवण्याची प्रथा आहे, पण ती पटण्यासारखी नाही. पाडणाऱ्याच्याच पैशाने पाडण्याआधी केलेला हा दप्तरी पंचनामा होता. अनेक ठिकाणी तर नवा रस्ता ज्या रेषेतून जाणार त्याच रेषेवर त्याने कॅमेरा उभा केलेला दिसतो. हळहळ नंतरच्या पाहणाऱ्यांची आहे.

त्याची पद्धत ओल्या कलोडियनची. काचेवर कलोडियनचा थर पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि थर वाळण्याआधी, म्हणजे दहापंधरा मिनिटांच्या आत, चित्र प्रकट करायचे. त्यामुळे अंधारखोली तंबूच्या किंवा गाडीच्या रूपात सोबत न्यावी लागे. हा थर निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने मारव्हीलच्या चित्रांत आकाश बहुधा कोरे पांढरे येते. खाली मात्र फरसबंदीचा एकेक दगड, रस्त्याच्या मधोमध वाहणारे गटार आणि भिंतीवरची फाटकी जाहिरात वाचता येईल इतकी स्पष्ट असते. माणसे हलली की त्यांचा धूसर डाग उरतो. हे बोळ ओसाड नव्हते, गजबजलेले होते. ते रिकामे दिसतात ते काचेच्या मंदपणामुळे.

ब्येव्हर या छोट्या नदीची त्याची चित्रे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. ओढ्याएवढा प्रवाह, दोन्ही काठांना चिकटून चामडी कमावणाऱ्यांची घरे, वरच्या मजल्यांवर कातडी वाळवण्यासाठी फळ्यांचे उघडे सज्जे. शहराच्या हद्दीतली ही नदी टप्प्याटप्प्याने झाकत नेली आणि १९१२ मध्ये ती पूर्णपणे जमिनीखाली गेली. मारव्हीलने नव्या रस्त्यांची, मुताऱ्यांची आणि गॅसच्या दिव्यांच्या खांबांचीही चित्रे तितक्याच निष्ठेने काढली, हेही विसरू नये.

मारव्हील जुने बोळ टिपत होता त्याच काळात, १८६३ मध्ये, ज्यूल व्हर्नने ‘विसाव्या शतकातील पॅरिस’ ही कादंबरी लिहिली. काळ १९६० चा. दाबाखालच्या हवेवर धावणाऱ्या आगगाड्या, गॅसवर चालणाऱ्या घोड्याविना गाड्या, विजेचे दिवे, तारेने जाणारी चित्रे, असे सगळे शहरात आहे. फक्त साहित्याला कोणी विचारत नाही. कवी असलेला नायक दुकानात व्हिक्तोर ह्यूगोचे पुस्तक मागतो आणि दुकानातल्या माणसाला ते नावही ठाऊक नसते. शहर इथे कोसळलेले नाही. त्याची आठवण गेली आहे. प्रकाशक एत्झेल याने हस्तलिखित परत केले. ते व्हर्नच्या पणतूला १९८९ मध्ये एका तिजोरीत सापडले आणि १९९४ मध्ये छापले गेले. भा. रा. भागवतांच्या मराठी रूपांतरांतून ज्यांना व्हर्न भेटला त्यांना हा उदास व्हर्न अनोळखी वाटेल. व्हर्नचा मित्र नादार हाही छायाचित्रकारच. त्याने १८६० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसची भुयारी अस्थिगृहे आणि गटारे विजेच्या प्रकाशात टिपली. चंद्रावर निघालेल्या व्हर्नच्या ‘आर्दां’ या पात्राचे नाव त्याच्याच नावाची अक्षरे फिरवून केले आहे.

खरे भग्नावशेष १८७१ मध्ये आले. पॅरिस कम्यून या क्रांतिकारी नगरसत्तेच्या बंडाचा पाडाव होत असताना २३ व २४ मे रोजी त्वीलरी राजवाडा आणि नगरभवन पेटवून देण्यात आले. नगरभवनाबरोबर शहराचे ग्रंथालय जळाले. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या १८६० पूर्वीच्या नोंदवह्यांची एक प्रत तिथे आणि दुसरी न्यायालयाच्या इमारतीत होती, दोन्ही गेल्या. धग निवायच्या आत छायाचित्रकार हजर झाले. आल्फाँस लिएबेरचा पॅरिसच्या भग्नावशेषांचा चित्रसंग्रह विकला गेला, अवशेष हिंडून पाहणाऱ्यांसाठी त्याच वर्षी मार्गदर्शक पुस्तिकाही निघाली. अझेन आपेर याने आणखी पुढची मजल मारली: नटांना उभे करून त्याने कम्यूनच्या ‘गुन्ह्यां’चे प्रसंग पुन्हा रचले, त्यांच्या धडांवर खऱ्या व्यक्तींची डोकी चिकटवली आणि ती छायाचित्रे म्हणून विकली. त्वीलरीचा जळका सांगाडा मात्र १८८३ पर्यंत तसाच उभा होता.

त्या सांगाड्याच्या सावलीत आल्फ्रेद फ्रँकलिन या ग्रंथपालाने १८७५ मध्ये ‘४८७५ सालातील पॅरिसचे अवशेष’ हे पुस्तक काढले. दूरच्या भविष्यात न्यू कॅलिडोनियाहून आलेल्या मोहिमेला मातीखाली एक विस्मृत शहर सापडते, आणि त्यातले विद्वान प्रत्येक पुतळ्याचा व शिलालेखाचा आत्मविश्वासाने चुकीचा अर्थ लावतात. सगळी कथा सरकारी अहवालांच्या थाटात आहे. थट्टेची धार कळायला एक संदर्भ लक्षात ठेवावा लागतो. कम्यूनमधल्या हजारो कैद्यांची हद्दपारी ज्या न्यू कॅलिडोनियाला झाली, तेच फ्रँकलिनने भविष्यातल्या सुसंस्कृत जगाचे केंद्र केले आहे. या प्रकारातल्या पुढच्या कित्येक गंभीर कादंबऱ्यांपेक्षा हे छोटे पुस्तक अधिक चतुर आहे.

अझेन आत्झे (१८५७–१९२७) हा मारव्हीलनंतरचा, पण त्याच्यामागे नगरप्रशासन नव्हते. नट म्हणून न जमल्यावर त्याने ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशी पाटी लावून चित्रे विकायला सुरुवात केली. १८ × २४ सेंमी. च्या काचा, जड लाकडी कॅमेरा आणि तिकाटणे घेऊन तो दुकानांच्या पाट्या, जिने, दाराच्या कड्या, अंगणे आणि शहराच्या कोटाबाहेरच्या पट्ट्यात झोपड्या बांधून राहणारे भंगारवाले टिपत राहिला. कार्नाव्हाले संग्रहालय आणि शहराचे ग्रंथालय ही त्याची गिऱ्हाइके. १९२० मध्ये त्याने सुमारे २,६०० काचा १०,००० फ्रँकला सरकारला विकल्या. शेजारी राहणाऱ्या मॅन रे या कलावंताने अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात त्याची चित्रे १९२६ मध्ये छापली. स्वतःचे नाव घालू नये, अशी आत्झेची अट होती. मृत्यूनंतर उरलेला संग्रह अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस ॲबट हिने विकत घेऊन जपला. ते भंगारवाले आणि तो कोट १९१९ नंतर क्रमाने हटवले गेले. शहराभोवतीचा आजचा वर्तुळमार्ग बहुतांशी त्याच पट्ट्यात आहे.

छायाचित्र आणि विज्ञानकथा यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती क्रिस मार्कर (१९२१–२०१२) याच्या ‘ला जेते’ (१९६२) या २८ मिनिटांच्या चित्रपटात. जवळजवळ सगळा चित्रपट स्थिर छायाचित्रांचा आहे. तिसऱ्या महायुद्धाने पॅरिस बेचिराख झाले आहे, वर किरणोत्सर्ग आहे आणि वाचलेले लोक शायो राजवाड्याखालच्या भुयारांत राहतात. तिथे कैद्यांवर कालप्रवासाचे प्रयोग चालतात. एका कैद्याची निवड होते, कारण लहानपणी ओर्ली विमानतळाच्या सज्ज्यावर पाहिलेल्या एका स्त्रीचा चेहरा त्याच्या मनात घट्ट बसला आहे. जुन्या छायाचित्राला धरून मागे जावे तसा तो त्या चेहऱ्याला धरून युद्धापूर्वीच्या पॅरिसमध्ये जातो. उद्ध्वस्त शहर दाखवण्यासाठी मार्करने दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या शहरांची छायाचित्रे आणि जोडचित्रे वापरली. तुटलेली विजयकमान हे असेच एक जोडचित्र. तंत्र आपेरचेच, मात्र इथे कोणाची फसवणूक नाही.

चित्रपटात एकदाच हालचाल दिसते. ती स्त्री अंथरुणात झोपलेली आहे. तिच्या चेहऱ्याची स्थिर चित्रे एकमेकांत विरघळत जातात, पक्ष्यांचा किलबिलाट वाढतो, आणि ती डोळे उघडून पापण्या लववते. हे काही क्षण खऱ्या चलत्कॅमेऱ्यावर घेतले आहेत. समीक्षकांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. त्यातले बरेच अतिरंजित आहे. परिणाम मात्र खरा: इतका वेळ स्थिरचित्रांना डोळा सरावल्यावर पापणीची हालचाल धक्का देते.

मार्करने ‘भूतकाळ’ म्हणून दाखवलेल्या जागा चित्रीकरणाच्या वेळी नव्या किंवा चालू होत्या. ओर्लीचे दक्षिण टर्मिनल फेब्रुवारी १९६१ मध्ये उघडले होते आणि विमाने पाहायला लोक तिथल्या सज्ज्यांवर सुट्टीच्या दिवशी गर्दी करत. १९७० च्या दशकात सुरक्षेच्या कारणावरून ते सज्जे बंद झाले. नायक-नायिका पेंढा भरलेल्या प्राण्यांमधून हिंडतात ते निसर्गेतिहास संग्रहालयात. त्याचे प्राणिशास्त्र दालन १९६० च्या दशकाच्या मध्यात बंद पडले आणि १९९४ मध्ये उत्क्रांतीचे दालन म्हणून नव्या मांडणीने उघडले. टेरी गिलियमच्या ‘ट्वेल्व्ह मंकीज’ने (१९९५) हीच कथा फिलाडेल्फियाला नेली आणि काही दृश्यांसाठी तिथला बंद पडलेला जुना तुरुंग वापरला.

झाँ-ल्युक गोदारने ‘आल्फाव्हील’ (१९६५) या चित्रपटात उलट वाट धरली. एकही खास सेट न उभारता, रात्रीच्या पॅरिसमधल्या नव्या काचेच्या इमारती आणि कोरे व्हरांडे हेच त्याने परग्रहावरचे यंत्रशासित शहर म्हणून दाखवले.

शेवटचे मोठे पाडकाम ले आल या मध्यवर्ती मंडईचे. व्हिक्तोर बाल्तार याने उभारलेल्या लोखंड-काचेच्या मंडपांतला घाऊक बाजार १९६९ मध्ये रँझिसला हलवला गेला आणि मंडप १९७१ पासून पाडले गेले. छायाचित्रकार रोबेर द्वानो तिथे अनेक वर्षे पहाटे जाऊन हमाल, भाजीवाल्या आणि खाटीक टिपत आला होता. मंडई हलवण्याची चर्चा सुरू झाल्यावर त्याने हे काम नेटाने चालवले. पाडकामानंतरच्या प्रचंड खड्ड्यात मार्को फेरेरीने जनरल कस्टरच्या लढाईवरचा एक उपहासात्मक चित्रपट (१९७४) चित्रित केला. बाल्तारच्या मंडपांपैकी एक नोझाँ-स्यूर-मार्न या उपनगरात पुन्हा उभारला असून तिथे कार्यक्रम होतात.