तोरणातपडला

आमच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळचे एक मोडीतले बाड आहे. ते वाचता यावे म्हणून काही वर्षांपूर्वी मोडी शिकायला बसलो. वाचकहो, अक्षरांनी छळले नाही एवढे शब्दांनी छळले. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबकळत सोडायची. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, वाचणाऱ्याचा जातो. समजा, ओळीत आले 'तोरणातपडला'. आता हा 'तो रणात पडला' की 'तोरणात पडला'? एका वाचनात घरात सुतक, दुसऱ्यात नुसता हशा. 'ध'चा 'मा' सगळ्यांना ठाऊक आहे, पण न सोडलेल्या जागेने किती घोटाळे केले असतील त्याची बखर कोणी लिहिली नाही.

युरोपातही जुने लॅटिन असेच सलग लिहीत. शब्दांत जागा सोडण्याची सवय आयर्लंडच्या मठांतल्या लेखनिकांनी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रुजवली असे मानतात. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते त्यांना दिसायला हवे होते. म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा ही परक्याची गरज. हे वाचले आणि मला आमच्या कचेरीतला संगणक आठवला. त्याच्याइतका भाषेला परका दुसरा कोण?

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केले. माणसाने टंकलेली आज्ञा वाचून ती यंत्राकडून करून घेणारा जो दुभाषा, त्याचे नाव शेल. शेलला शब्द कुठे तुटतो हे कळायचा मार्ग एकच : मोकळी जागा. पहिला शब्द म्हणजे काय करायचे, पुढचे शब्द म्हणजे कशावर करायचे. त्या काळच्या खडखडणाऱ्या टंकयंत्रांवर ही सोय उत्तम होती. गंमत अशी की युनिक्सने फाइलच्या नावात मोकळी जागा कधीच निषिद्ध केली नाही. निषिद्ध दोनच गोष्टी : तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट. पण नावे ठेवणारे तेव्हा सगळे त्याच विद्येतले. फाइलचे नाव चौदा अक्षरांत बसवायचे, त्यात जागा कोण वाया घालवणार?

१९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि पुढच्या सगळ्या फजितीची मुळे तिथे आहेत. त्या शेलमध्ये याद्या ठेवायला वेगळी सोय नव्हती. अनेक नावे एका चलात ठेवायची तर ती मोकळी जागा देऊन एकापुढे एक लिहायची. म्हणून नियम असा केला की चलाची किंमत आज्ञेत घातल्यावर ती पुन्हा तोडायची. कुठे तोडायची ते आयएफएस नावाचे चल सांगते. त्यात मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ. तोडू नये असे वाटत असेल तर चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घाला. म्हणजे जपून ठेवायचे तर सांगायचे, फोडायचे तर न सांगता! नियम उलटा आहे असे माझे मत, पण माझ्या मताला विचारतो कोण. टॉम डफ यांनी पुढे लिहिलेल्या आरसी शेलने हे पुन्हा तोडणे बंद केले, १९९० मध्ये आलेला झेडशेलही सहसा तसे तोडत नाही. पण जुन्या लिपिकाची टिपणी बदलत नाही तसा बोर्नचा नियम टिकून राहिला.

तोवर आपल्यासारखे लोक संगणकावर आले. डॉसमध्ये आठ अक्षरांत नाव कोंबावे लागे. १९९५ साली विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंत मोकळीक दिली आणि स्वतःच्याच एका मुख्य फोल्डरचे नाव 'प्रोग्राम फाइल्स' असे दोन शब्दांत ठेवले. कारकुनांना आणखी काय हवे? आम्ही फाइलींना वाक्येच्या वाक्ये नावे म्हणून दिली.

मोठ्यांनाही हे चुकले नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अॅपलने आयट्यून्स २ आणले. त्याच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये जुनी प्रत पुसणाऱ्या ओळीत अवतरणचिन्हे राहिली होती. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, त्यांतल्या कितीकांचा डिस्कवरचा मजकूरच गेला. काही दिवसांतच अॅपलला दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. २०११ मध्ये बम्बलबी नावाच्या लिनक्स प्रकल्पात उलटे झाले. तिथे पुसायच्या पत्त्यात 'यूएसआर'नंतर एक मोकळी जागा चुकून जास्त पडली आणि एका उपफोल्डरऐवजी अख्खे यूएसआर पुसले जाऊ लागले. तोरणात पडायचा तो रणात पडला.

आता आमची गोष्ट. कचेरीचे नाव घेत नाही. आम्ही जुने मुंडकारांचे अर्ज स्कॅन करून ठेवले होते, नावे 'मुंडकार अर्ज १२ सुधारित' अशी. रोज रात्री एक स्क्रिप्ट त्यांची दुसऱ्या यंत्रावर नक्कल करी. ती स्क्रिप्ट फाइलींची यादी मागवी आणि एकेक नाव उचली. आमचे एक नाव तिच्या लेखी चार फाइली : मुंडकार, अर्ज, १२, सुधारित. अशा फाइली नाहीतच, म्हणून ती तक्रार करी. आणि तक्रारी कोणाला दिसू नयेत अशी व्यवस्था स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच केली होती. (सरकारी कामाची त्याला चांगली जाण असावी.)

एका जूनमध्ये वीज पडली, मूळ यंत्र गेले. नकलेत पाहतो तर एकशब्दी नावांच्या फाइलीच तेवढ्या. संगणक बघणाऱ्या पोराने नवीन यंत्रावर आधी अवतरणचिन्हे घालून पाहिली, तरी फाटाफूट तशीच. कारण यादी उचलतानाच नावे फुटलेली. फुटल्यावर अवतरणात घालून काय उपयोग? मग त्याने यादी मागवणेच सोडले आणि नुसती फुली वापरून शेललाच फाइली शोधायला लावल्या. ती फुली उलगडते ती तोडण्याची पायरी झाल्यावर, त्यामुळे नावे अखंड राहतात. असो. फाइंड आणि एक्सआर्ग्स या जोडीला नावांमध्ये शून्य बाइट घालायला सांगणे हा त्याहून पक्का उपाय, कारण फाइलच्या पूर्ण पत्त्यात तेवढेच एक चिन्ह येऊ शकत नाही. जीएनयूच्या अवजारांत ही सोय कित्येक वर्षे होती, पॉझिक्सच्या प्रमाणग्रंथात ती २०२४ मध्ये आली.

पण गेलेले गेले होते. जुलैत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना आपल्या अर्जाची प्रमाणित प्रत हवी होती, कोर्टात तारीख होती. "सायबा, म्हजो कागद मेळटलो मरे?" मूळ कागद दफ्तरखान्यात मिळाला, पण तो भिंतीकडच्या गठ्ठ्यात होता आणि तिथे दोन पावसाळे ओल येत होती. पाने एकमेकांना चिकटलेली. मी ती सुरीच्या पात्याने सोडवली. अर्जदाराचे नाव वाचता आले, गाव वाचता आले, घराच्या चतुःसीमाही पूर्व, दक्षिण अशा नीट उतरल्या. भांडण पश्चिमेच्या हद्दीचे होते. तिथे 'पश्चिमेस' एवढा शब्द होता आणि पुढे सगळी निळी ओल.