चिलखत कोणाच्या अंगावर होते?

इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्याच्या छत्र्या आहेत. छत्री म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेली दगडी वास्तू; माळवा आणि राजपुतान्यातील ही चाल मराठी सरदारांनी तिकडे गेल्यावर उचलली. होळकरांच्या साऱ्याच छत्र्या इंदुरात नाहीत. मल्हारराव २० मे १७६६ रोजी आलमपुरास वारले, त्यांची छत्री तेथे आहे; यशवंतराव १८११ साली भानपुऱ्यास वारले, त्यांची तेथे. इंदूर ही राजधानी झाली तीच मुळी १८१८ साली, महिदपूरचा पराभव आणि मंदसोरचा तह यांच्यानंतर. तेव्हा ज्या दगडांकडे पाहून आपण होळकरांच्या घोडदौडीची कल्पना करतो, त्यांच्यापैकी पुष्कळसा दगड त्या दौडी थांबल्यानंतर घडविलेला आहे. हे ध्यानात ठेवणे आज एका नव्याच कारणासाठी अगत्याचे झाले आहे.

ते कारण म्हणजे संगणकावरील युद्धखेळ. क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्रज मंडळीने २००९ साली ‘एम्पायर: टोटल वॉर’ नावाचा खेळ काढला. त्याचा आरंभ १७०० सालापासून होतो आणि खेळणाऱ्यास मराठ्यांचा पक्ष घेऊन लढता येते. असल्या खेळांत हौशी लोक स्वतःची भर घालतात. या भरीला ‘मॉड’ म्हणतात. कोणी नवे सैनिक घालतो, कोणी जुन्यांचे कपडे बदलतो, आणि इतिहासाची आवड असलेला मनुष्य बहुधा चिलखतापासून सुरुवात करतो. या उद्योगास पोरखेळ म्हणून हसणारे आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. बखर ज्यांच्या हाती कधी पडणार नाही अशा मुलांच्या मनात मराठा स्वार कसा दिसावा, हे यापुढे पुष्कळ अंशी ही बाहुलीच ठरविणार आहेत.

बाहुले घडते कसे, तेही पाहू. लहान लहान त्रिकोणी व चौकोनी पृष्ठे जोडून देहाचा आकार करतात, त्यावर रंगविलेले चित्र कातड्यासारखे ताणून बसवितात, आणि आत एक अदृश्य सांगाडा घालून हातापायांची हालचाल त्याला बांधतात. रणांगणावर अशी हजारो बाहुली एकदम चालवायची असल्याने प्रत्येकाच्या वाट्यास थोडीच पृष्ठे येतात. एका खऱ्या चिलखतात हजारो कड्या, आणि प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. ती एकेक घडविणे संगणकाला परवडत नाही. म्हणून कड्या नुसत्या रंगवून त्यांवर उजेड-सावलीची फसवणूक करतात. डोळा फसतो खरा. पण लोखंडाला तेथे वजन नाही, घोड्याला दम लागत नाही, वैशाखातले ऊन लागत नाही. त्यामुळे शंभर बाहुल्यांना चिलखत चढविणे हे एकाला चढविण्याइतकेच स्वस्त पडते, आणि साऱ्या पथकाला ते चढविले जाते.

वास्तवात असे नव्हते. कड्यांचे चिलखत दहा किलोच्या आसपास भरे. त्यावर छाती, पाठ व दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे बांधले म्हणजे तो चार-आईना, कोपरापासून मनगटापर्यंत दस्ताना, डोक्यावर जिरेटोप. (या शब्दातील जिऱ्याचा स्वयंपाकघराशी संबंध नाही, फारसीत झिरिह म्हणजे कड्यांचे चिलखत. मानेवर कड्यांची झालर सोडलेला पोलादी टोप तो जिरेटोप.) हा सारा सरंजाम श्रीमंताचा होता. शिलेदार आपला घोडा व आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. त्याची ऐपत असेल तसे त्याचे अंग झाकलेले. बारगिराचा घोडाच मुळी सरकारचा किंवा सरदाराचा. त्याच्या अंगावर लोखंड कोठून येणार? साधा अंगरखा, फार तर कापसाचे थर देऊन टाचलेला जाड डगला, डोक्यास घट्ट मुंडासे, पाठीवर ढाल. जाड कापूस तलवारीच्या वाराला अगदीच कुचकामी नसतो. मुंडाश्याच्या घड्यांनी पुष्कळांचे प्राण वाचविले असतील.

या हलकेपणातच मल्हाररावांच्या फौजेचे बळ होते. दूरची मजल मारावी, शत्रूची रसद तोडावी, तो अंगावर आला की पसार व्हावे, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. पानिपतच्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर भिस्त ठेवण्यास त्यांचे मन घेत नव्हते, त्याचे कारण हेच. १४ जानेवारी १७६१ रोजी ते रण सोडून निघाले म्हणून त्यांना दोष देणारे आहेत. तो वाद येथे नको. पण अशा सेनापतीचे स्वार पायापासून डोक्यापर्यंत लोखंडाने मढविणे म्हणजे त्याच्या युद्धपद्धतीचा अर्थच उलटा करणे होय.

आणि लोखंडाने तरी काय वाचले? मार्च १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मल्हाररावांचे एकुलते पुत्र खंडेराव, अहिल्याबाईंचे पती, तोफेच्या गोळ्याने ठार झाले. त्या दिवशी त्यांच्या अंगावर काहीही असते तरी गोळ्याला ते सारखेच होते. कोकणच्या वाचकांना वसईचे उदाहरण जवळचे वाटेल. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मदतीस मल्हाररावही होते. तेथील तट सुरुंगांनी फोडला, आणि जी माणसे त्या खिंडारात पडली ती बंदुकांच्या व हातबाँबच्या माऱ्याने पडली. असे असूनही सरदार मंडळी चिलखत घालीत राहिली. मानाचा भाग होताच, शिवाय हातघाईच्या तलवारीचे भय गेलेले नव्हते. अफझलखानाच्या भेटीस १६५९ साली शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत घालून गेले, ते कट्यारीच्या भयाने. तेथे ते कामी आले.

मग संग्रहालयांत चिलखतेच का दिसतात? कारण लोखंड टिकते. बारगिराचा डगला त्याच्याबरोबर जळाला, उरला तो फाटेपर्यंत कोणीतरी वापरला, किंवा कसरीने खाल्ला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा एगर्टनसाहेबाने १८८० साली लंडनमधील हिंदी शस्त्रांची जी सचित्र यादी छापली तीत, मॉड करणाऱ्याला लोखंडी नमुने हवे तितके मिळतील. ते अस्सल आहेत. परंतु दहा शिपायांमागे एकाचे आहेत की शंभरामागे एकाचे, हे वस्तू सांगत नाही.

साल चुकविणे हा दुसरा दोष. खेळ शंभर वर्षांचा, आणि बाहुले एकच! १७०० सालचा स्वार आणि १७९३ साली लाखेरीस होळकरांकडून लढलेला द्युद्रनेक या फ्रेंच सरदाराच्या पलटणींतला बंदूकधारी, यांचा पोशाख एक कसा असेल? इंदुरात हिंडणाऱ्याला तर आणखी एक मोह आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर बंदुका घेतलेले शिपाई कोरलेले आहेत. मूर्ती नेटक्या आहेत, नमुना आयता आहे. पण त्या छत्र्या दुसऱ्या तुकोजीरावांच्या व शिवाजीरावांच्या स्मरणार्थ झाल्या. तुकोजीराव वारले १८८६ साली. तो शिपाई ज्याला हवा त्याने तो खुशाल घ्यावा, मात्र त्याच्या शेजारी मल्हाररावांना उभे करू नये.

पथक करावयाचे झाल्यास आम्ही असे करू: पुढे एक चिलखती सरदार, त्याच्यामागे दोन-चार शिलेदार, कोणाचा दस्ताना आहे तर टोप नाही असे, आणि उरलेले सारे सुती अंगरख्यात, कोणाचेही मुंडासे दुसऱ्याशी न जुळणारे. त्यासाठी चार-पाच निरनिराळी कातडी रंगवावी लागतील. कड्यांवर जो वेळ खर्ची पडतो, तेवढ्यात ती होतात.