सेप्टिक टँकमधला जीवघेणा वायू मेंदूतही तयार होतो, मग तो जीव कसा घेतो?

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगारांचा मृत्यू झाला. अशा बंद टाक्यांमध्ये ऑक्सिजन कमी असतो आणि मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो.

गंमत म्हणजे हाच वायू आपल्या मेंदूतही अत्यल्प प्रमाणात तयार होतो. नायट्रिक ऑक्साइडप्रमाणे तोही चेतापेशींमध्ये निरोप्याचं काम करतो, असं १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगांतून मांडलं.

कॅल्शियमचा संबंध काय?
चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे १० हजार पट कमी कॅल्शियम मोकळं असतं. संदेश आला की पेशीची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. थोडासा हायड्रोजन सल्फाइड यातल्या काही दारांचा प्रतिसाद वाढवतो. हीच दारं स्मरणशक्तीसाठी महत्त्वाची आहेत.

मग तो घातक कधी?
वायू जास्त झाला की पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही. ऊर्जा संपते, कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप बंद पडतात आणि आत साचलेलं कॅल्शियम पेशीच मारतं. श्वास चालवणाऱ्या चेतापेशीही थंडावतात.

हे लक्षात ठेवा
हा वायू सडक्या अंड्यासारखा वास मारतो. पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो. त्यामुळे 'वास नाही, म्हणजे धोका नाही' असं समजू नका. आत कुणी बेशुद्ध पडलं, तर मागोमाग उतरू नका. लगेच ११२ वर फोन करा.