भोकं गेली, काम सोपं झालं: घरगुती सर्किट बोर्डची गोष्ट

आपल्या फोनच्या आत जो हिरवा-काळा बोर्ड असतो ना, त्याच्या खापरपणजोबाचा जन्म कारखान्यात नाही, भाड्याच्या खोलीत झाला.

पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर १९३६ मध्ये लंडनला आला. तेव्हा रेडिओतली प्रत्येक वायर हाताने जोडली जायची. आयस्लर म्हणाला, वायरी छापूनच टाकू! तांब्याच्या पत्र्यावर हव्या तेवढ्या रेघा झाकायच्या आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवायचं. एका कंपनीने नकार दिला, कारण हातजोडणी करणाऱ्या मुली स्वस्त पडत होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किट वापरली, आणि मग जग जागं झालं.

घरी बोर्ड बनवणारे आजही तेच करतात. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे शेवटी प्लास्टिकच. गुळगुळीत कागदावरची प्रिंट इस्त्रीने तांब्यावर चिकटवायची, बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये बुडवायचा. टोनरखालचं तांबं वाचतं, बाकीचं जातं.

मग आले एसएमडी, म्हणजे पाय भोकात न घालता बोर्डावर नुसते टेकवायचे पार्ट. साठच्या दशकात आयबीएमने ही पद्धत सॅटर्न रॉकेटच्या कॉम्प्युटरमध्ये वापरली, ऐंशीच्या दशकात ती सगळीकडे पसरली. ०८०५ साईजचा रेझिस्टर जेमतेम २ मिमी लांब, तिळापेक्षाही छोटा! अनेकांना वाटलं, संपला आपला छंद.

झालं उलटंच. घरगुती बोर्डात सगळ्यात कटकटीचं काम ड्रिलिंगचं. १६ पायांच्या आयसीला १६ भोकं, तीही १ मिमीहून बारीक बिटने, आणि बिट कधी मोडेल नेम नाही. एसएमडीला भोकंच लागत नाहीत. शिवाय शिसं-कथलाची सोल्डर पेस्ट १८३ अंशांना वितळली की पृष्ठताणामुळे किंचित तिरका बसलेला पार्ट आपोआप सरळ होतो. हे पहिल्यांदा बघताना मी अक्षरशः टाळी वाजवली होती.

फक्त खिडकी उघडी ठेवा, हात धुवा, स्वयंपाकाचा तवा वापरू नका आणि वापरलेलं फेरिक क्लोराईड बेसिनमध्ये ओतू नका.

आता बोर्ड बाहेरून स्वस्तात बनवून मिळतात. मग घरी का बनवायचा? मी दिवसभर कोड लिहितो. चूक दिसली की दुरुस्त करतो, लगेच रन करतो. घरी बोर्ड बनवला की हार्डवेअरमध्येही तेच जमतं: संध्याकाळी सुचलेला बदल झोपायच्या आत तपासता येतो, कुरिअरची वाट न बघता. आयस्लरकडेही कारखाना नव्हताच की! पुढच्या भागात भेटू.