रक्त परत येते तेव्हा

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडू लागले. सकाळ झाली की पडलेल्या घरांच्या विटा-तुळया उपसून माणसे बाहेर काढण्याचे काम चाले. काही जण सहा-आठ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, जिवंत सापडत. एखाद्याच्या पायावर तुळई पडलेली असे. हाड शाबूत, जखम किरकोळ, रक्तही फारसे गेलेले नसे. दबलेला पाय बधिर आणि थोडा सुजलेला एवढेच. माणूस नीट बोलत असे. हा वाचला असेच सर्वांना वाटे.

काही तासांतच त्याचा रक्तदाब घसरू लागे. रक्तद्रव देऊन तो सावरला, तरी लघवी कमी कमी होत जाई आणि तिचा रंग गडद तपकिरी दिसे. रक्तातील युरिया आणि पोटॅशियम चढत जाई. पाय कापून टाकला तरी त्यात फरक पडत नसे. आठवड्याच्या आत, आणि बऱ्याचदा अचानक, मृत्यू येई.

लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधील एरिक बायवॉटर्स हे तिशीतले डॉक्टर आणि त्यांचे सहकारी डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांची हकिकत मार्च १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. मृत्यूनंतरच्या तपासणीत दबलेले स्नायू मेलेले आढळले. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांमध्ये तपकिरी रंगद्रव्याचे बोळे अडकलेले होते. पण ज्या मूत्रपिंडाला साधा धक्काही लागला नव्हता, ते बंद का पडावे? आणि ढिगाऱ्याखाली तासन् तास तग धरलेला माणूस बाहेर आल्यावरच का खालावावा?

तपकिरी रंगद्रव्य कोणते, हे वर्णपटावरून त्याच वर्षी ठरले. हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांचे रंग डोळ्यांना सारखेच दिसतात, पण दोघांच्या वर्णपटातले काळे पट्टे किंचित वेगळ्या जागी येतात. लघवीतले द्रव्य मायोग्लोबिन निघाले. हे स्नायूंचे लाल रंगद्रव्य आहे आणि ते स्नायूंच्या पेशींतच असते. त्याचा रेणू हिमोग्लोबिनच्या जेमतेम पाव पट असल्याने तो मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज खाली उतरतो. लघवी आम्लधर्मी असेल तर तो नलिकांत साकळतो आणि त्यांना इजा करतो. बायवॉटर्स यांनी पुढे सशांवर प्रयोग करून हे पडताळून पाहिले. लघवी अल्कधर्मी राहील असे द्रव लवकर आणि भरपूर द्यावे, असा त्यांचा सल्ला होता.

विज्ञानाच्या इतिहासात नेहमी होते ते इथेही झाले होते. बर्लिनमध्ये काम करणारे जपानी डॉक्टर सेइगो मिनामी यांनी १९२३ मध्ये पहिल्या महायुद्धात मातीखाली गाडल्या गेलेल्या तीन सैनिकांबद्दल जवळजवळ हेच लिहून ठेवले होते. ते जर्मन भाषेत होते आणि विस्मृतीत गेले होते. शोध एकदा लागला की तो कायमचा सर्वांचा होतो, हा आपला समज फारसा खरा नाही.

आता त्या दबलेल्या पायात काय घडते ते पाहू. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर ढकलतो आणि पोटॅशियम आत घेतो. पंपाला लागणारे इंधन म्हणजे एटीपी. रक्त थांबले की ऑक्सिजन थांबतो आणि एटीपी संपत जाते. पंप मंदावतो, पेशीत सोडियम आणि त्यामागून कॅल्शियम शिरते, लॅक्टिक आम्ल साठते. पण तोवर हा सगळा बिघाड त्या पायापुरताच कोंडलेला असतो. तुळई उचलली की बांध फुटतो. पेशींतून सुटलेले पोटॅशियम थेट हृदयाकडे जाते आणि त्याचे ठोके बिघडवते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाकडे जाते. शरीरातले पाणी उलट त्या पायात झिरपू लागते. लिटरच्या हिशेबात झिरपते, म्हणून तर रक्तदाब कोसळतो. वजन उचलणे हे सुटकेचे काम, आणि नेमक्या त्याच क्षणी धोका सुरू होतो.

(वर्गात हा विषय निघाला की मांडी घालून बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्यांचे उदाहरण हमखास येईल. ते इथे लागू पडत नाही. मुंग्या येतात त्या मुख्यतः मज्जातंतूवर दाब पडल्याने, आणि पाय मोकळा केला की काही मिनिटांत सगळे पूर्ववत होते. हातापायांचे स्नायू रक्ताविना काही तास तग धरू शकतात.)

हृदयाच्या स्नायूला एवढी सवड नसते. तिथली रोहिणी बंद झाली की वीसेक मिनिटांनी पेशी मरू लागतात. साहजिकच पुढचा प्रश्न हृदयाबद्दल विचारला गेला. १९६० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी काही काळ बांधून मग सोडली. रोहिणी कायम बांधलेली असती तर पेशींत जी मोडतोड दिसायला जवळपास एक दिवस लागला असता, ती रक्त परत येताच तासाभरात दिसली. रक्ताने पेशी मारल्या होत्या का? की त्या आधीच मेल्या होत्या आणि रक्ताने फक्त प्रेतावरचे पांघरूण काढले होते? या प्रश्नावर पुढची चाळीस वर्षे वाद चालला. मला तरी या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गोष्टी अगदी सारख्याच दिसतात.

रक्त परतण्याच्या बाजूने भक्कम पुरावा होता. जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी १९७७ मध्ये दाखवले की पेशींचा मृत्यू हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेर लाटेसारखा सरकत जातो, आणि रक्त जितके लवकर परत येईल तितका स्नायू वाचतो. १९८६ मध्ये इटलीत हृदयविकाराच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. रोहिणीतली गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध दिलेल्यांत २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. तेव्हा रक्त परत आणू नये असे कोणीच म्हणत नव्हते. प्रश्न एवढाच होता की या उपकाराची काही किंमत मोजावी लागते का.

किंमत आहे, असे सांगणारे प्रयोगही होते. लंडनमध्ये डेव्हिड हर्स यांनी १९७३ मध्ये उंदराचे वेगळे काढलेले हृदय ऑक्सिजनविना ठेवले आणि नंतर त्याला ऑक्सिजन दिला. ऑक्सिजन मिळताच पेशींतली विकरे भराभर बाहेर गळू लागली. १९८१ मध्ये जो मॅककॉर्ड, नील ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आतड्यावर काम करून गुन्हेगाराचे नाव सुचवले: सुपरऑक्साइड, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घेतलेला, भलताच क्रियाशील ऑक्सिजन. रक्त थांबलेले असताना एटीपीचे तुकडे साठतात. ऑक्सिजन आला की झँथिन ऑक्सिडेज हे विकर त्या तुकड्यांवर काम करते आणि सुपरऑक्साइड तयार होतो. सुपरऑक्साइड नष्ट करणारे विकर आधी देऊन ठेवले तर इजा कमी होत होती. स्पष्टीकरण इतके नीटस होते की ते पाठ्यपुस्तकांत गेले. अडचण अशी की माणसाच्या हृदयात झँथिन ऑक्सिडेज फारच थोडे असते. तिथे दुसरा उगम शोधावा लागला. २०१४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की रक्त थांबलेले असताना तंतुकणिकांत सक्सिनेट साठते आणि ऑक्सिजन येताच ते झपाट्याने जळते. त्या घाईत सुपरऑक्साइड उसळतो.

बचावाची वाट मात्र अनपेक्षित दिशेने सापडली. १९८६ मध्येच चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची हृदयरोहिणी पाच मिनिटे बंद आणि पाच मिनिटे चालू असे चार वेळा केले आणि त्यानंतर ती सलग ४० मिनिटे बंद ठेवली. वीस मिनिटांची जादा उपासमार झाल्यावर नुकसान वाढायला हवे होते. प्रत्यक्षात मेलेला स्नायू एरवीच्या केवळ एक चतुर्थांश भरला! छोट्या उपासांनी हृदय जणू तयार झाले होते. रोहिणी तीन तास बंद ठेवली तर मात्र हा फायदा दिसला नाही. मरण लांबले होते, टळले नव्हते.

पण हृदयविकाराचा झटका येणार हे आधी कळवून येत नाही, तेव्हा तयारी करणार कधी? अटलांटामध्ये झाओ, विंटेन-जोहानसेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हाच प्रयोग उलटा केला. कुत्र्याची रोहिणी तासभर बंद ठेवून उघडली. उघडल्या उघडल्या ती ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद असे तीन वेळा केले आणि मगच पूर्ण सोडली. धोक्यात आलेल्या भागापैकी मेलेला स्नायू २५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. इथे जेनिंग्जचा १९६० चा प्रश्न आठवा. दोन्ही गटांत रोहिणी तासभरच बंद होती. फरक फक्त रक्त परत आल्यानंतरच्या तीन मिनिटांत केला होता, आणि तेवढ्याने पेशी वाचल्या. म्हणजे रक्त परतले तेव्हा त्या पेशी जिवंत होत्या. मृतदेह काही वाचवता येत नाही. निदान काही पेशी तरी रक्त परतण्यानेच मरतात, हे इथे सिद्ध झाले.

थांबत-थांबत सोडल्याने काय साधते? तंतुकणिकेच्या आवरणात एक दार उघडू शकते. ते उघडले की तंतुकणिका फुगते, एटीपी बनणे थांबते आणि पेशी मरते. कॅल्शियम आणि सुपरऑक्साइड हे दार उघडू पाहतात. साठलेले आम्ल ते बंद ठेवते. रक्ताचा लोंढा एकदम आला की आम्ल क्षणात धुऊन जाते आणि दार सताड उघडते. हळूहळू सोडले तर आम्ल थोडे टिकते आणि पेशीला सावरायला वेळ मिळतो. मूत्रपिंडात घात करणारे आम्ल इथे राखणदार ठरते.

यानंतर औषध हाती आलेच असे वाटू लागले. सायक्लोस्पोरिन हे दार बंद ठेवते. २००८ मध्ये फ्रान्समधील ५८ रुग्णांत त्याचा उपयोग झालेला दिसला. २०१५ मध्ये ९७० रुग्णांवर चाचणी झाली आणि फायदा दिसला नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो पाच-पाच मिनिटे चार वेळा आवळला तर दूरवरच्या हृदयाला संरक्षण मिळते, असे लहान अभ्यासांत आढळले होते. २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवर ते तपासले गेले, आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. प्रयोगशाळेतला प्राणी तरुण आणि निरोगी असतो. रुग्ण बहुधा वयस्क असतो, अनेकदा मधुमेही असतो, आधीच चार औषधे घेत असतो. कित्येकांच्या हृदयाने छातीत दुखण्याच्या रूपाने छोटे ‘उपास’ आधीच केलेले असतात. कारणे अशी देता येतात, पण चाचणी फसली ती फसलीच. हृदयाच्या बाबतीत आजही खात्रीचा उपाय एकच आहे: रोहिणी लवकरात लवकर उघडणे.

ढिगाऱ्याखालच्या माणसाची गोष्ट मात्र पुढे सरकली. नोव्हेंबर १९८२ मध्ये लेबनॉनमधील टायर शहरात एक इमारत कोसळली. दबलेल्या सात जणांना जागेवरच सलाईन सुरू केले गेले आणि पुढे अल्कधर्मी द्रव देऊन लघवीचे प्रमाण मुद्दाम वाढते ठेवले. एकाचेही मूत्रपिंड बंद पडले नाही. बायवॉटर्स यांचा सल्ला चाळीस वर्षांनी, वेळेवर अमलात आला होता. मोठ्या भूकंपात इतकी तत्परता जमत नाही. १९८८ मध्ये आर्मेनियात शेकडो जणांना डायलिसिसची गरज पडली आणि यंत्रे अपुरी पडली. त्यानंतर मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी खास पथक उभारले. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपात ६३९ जणांची मूत्रपिंडे बाधित झाली. त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस मिळाले, आणि ६३९ पैकी शंभराच्या आत दगावले.

आजची पद्धत अशी आहे. दबलेल्या माणसाचा एक हात जरी मोकळा सापडला, तरी दगड हलवण्याआधीच त्या हाताच्या शिरेत सलाईन लावतात आणि मोठ्या माणसाला तासाला सुमारे एक लिटर या वेगाने देतात. पोटॅशियम असलेले रिंगर लॅक्टेट टाळून साधे मिठाचे सलाईन वापरतात. दगड त्यानंतर उचलतात.