डेव्हिस, रॉबर्ट
डेव्हिस, रॉबर्ट (१९००–१९७५) : ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स दलातील बॉम्ब निकामी करणारे अधिकारी आणि जॉर्ज क्रॉस या शौर्यपदकाच्या पहिल्या काही मानकऱ्यांपैकी एक. जन्म कॉर्नवॉलमधील न्यूलिनचा. तरुणपणी ते कॅनडात गेले व पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढले.

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी टाकलेला सुमारे एक टनाचा बॉम्ब लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलजवळ न फुटता जमिनीत खोल रुतला. तो काढण्यासाठी डेव्हिस यांची तुकडी खोदत असताना गॅसची नळी फुटून आग लागली, काही जवान गॅसने गुदमरले. चिखलातल्या त्या गुळगुळीत धुडापर्यंत पोचायला तीन दिवस लागले. पोलादी दोराने तो वर ओढून लॉरीत चढवला. रिकाम्या केलेल्या रस्त्यांवरून ती लॉरी डेव्हिस यांनी स्वतः हॅकनीच्या मोकळ्या मैदानावर नेली. तिथल्या स्फोटाने सुमारे शंभर फूट रुंदीचा खड्डा पडला. बॉम्ब शोधणारे सॅपर जॉर्ज वायली यांनाही जॉर्ज क्रॉस मिळाला.

पुढची कहाणी मात्र गौरवग्रंथांतून सहसा गाळली जाते. १९४२ मध्ये फसवणूक व चोरीच्या आरोपांवरून लष्करी न्यायालयाने डेव्हिस यांना तुरुंगात धाडले. नंतर ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. निधनही तिथेच झाले.